पाण्यात म्हैस

जाहिरातीत इतकंच होतं:
सहा चाकं, चिखलात पळते, पाण्यात तरंगते,
वय चौदाशे तास.
तासांत वय सांगायची तऱ्हा मला आवडली.
आमचे अण्णा दातांत सांगायचे.

अण्णा हेडी. म्हशींचे दलाल.
खरसुंडीच्या बाजारात उपरण्याखाली
दोन माणसांची बोटं बोलायची
आणि वर दोन चेहरे
हवापाण्याचं बोलत राहायचे.
मी त्यांची मुलगी, इथे सॉमरसेटच्या सखल मुलखात
घरोघर फिरणारी नर्स.
गेल्या फेब्रुवारीत लँगपोर्टच्या खालचा रस्ता
नऊ दिवस पाण्याखाली होता,
आणि मिसेस पिटर्डच्या पायाची जखम पलीकडच्या काठावर.
खात्याकडे अर्ज केला.
उत्तर आलं: विचार सुरू आहे.

हेम्ब्रो विलोच्या काड्या पिकवायचे, टोपल्यांसाठी.
आता गुडघे नाही म्हणतात.
त्यांनी शेडमधली ताडपत्री ओढली
आणि ती दिसली, काळपट हिरवी,
पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं,
रवंथ थांबवून बघावं तशी.
स्टिअरिंग नाही. नुसते दोन दांडे:
डावा ओढला की डावी तीन चाकं थबकतात
आणि सगळं धूड डावीकडे वळतं.
"कासरा," मी म्हणाले.
"काय?"
"काही नाही."

मी वाकून पाहिलं.
टायरचे दात झिजलेले, पण शाबूत.
साखळीला गंज, वरवरचा.
तळाला एक चीर, प्लास्टिक वितळवून सांधलेली.
"खुंट लागला होता," ते म्हणाले, "चूक माझी."
मागच्या बेअरिंगची कुरकुर
त्यांनी स्वतःच चाक हलवून ऐकवली,
आपल्या म्हाताऱ्या बहिणीचा खोकला
डॉक्टरला ऐकवावा तशी.
अण्णांना असा विकणारा कधी भेटला नाही.
खोड आधीच सांगणाऱ्याशी
घासाघीस करायची तरी कुठून?

साडेतीन हजार पौंड.
मी म्हटलं, आमच्याकडे म्हणतात,
पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल.
अर्थही सांगितला.
ते हसले नाहीत. विचारात पडले.
मग म्हणाले, "चला तर. मोलसुद्धा पाण्यातच करू."

मला पोहता येत नाही
हे सांगायचं राहून गेलं.

शेताच्या कडेचा रुंद चर. ती काठावरून
नाक खाली करून उतरली, डुचमळली, आणि तरंगली.
सहा चाकं पाणी ढकलू लागली
इतक्या सावकाश, की एक बदक
आम्हाला मागे टाकून गेलं
आणि वळून बघितलंही नाही त्याने.
मग माझ्या मोज्यांना गार लागलं.
हेम्ब्रोंनी खाली पाहिलं,
कोटाचे सगळे खिसे एकेक करून चाचपले.
"बूच," ते म्हणाले,
"बूच स्वयंपाकघरात आहे. खिळ्याला.
सहा वर्षं पाण्यात घातलीच नाही हिला."

काय ओढलं आठवत नाही. दोन्ही दांडे असतील, किंवा त्यांची बाही.
ती गर्रकन फिरली, काठाला दात लावले
आणि घोटाभर पाण्यासकट आम्हाला घेऊन
वर चढली.
गंगेत घोडं न्हालं म्हणायचं,
पण न्हालो आम्ही.
ती नुसती उभी राहिली
आणि पोटाखालच्या भोकातून
बराच वेळ, निवांत, धार सोडत राहिली
म्हैस सोडते तशी.

मला हसू आलं. मग त्यांनाही.
मग ते आत जाऊन बूच घेऊन आले,
माझ्यासमोर बसवलं, दोनदा पिळलं,
कान लाल झाले होते त्यांचे.
"एकोणतीसशे द्या," म्हणाले, "लाज वाटते मला."

पण म्हशीत खोट नव्हती.
भोक असूनही ती बुडाली नव्हती.
हेडीच्या मुलीला एवढं कळतं.

हात पुढे केला तेव्हा त्यांच्या हातात
तेलकट फडकं होतं. ते मी काढू दिलं नाही.
फडक्याखाली त्यांची तीन बोटं धरली
आणि दाबली.
ते दचकले. माझ्याकडे पाहिलं,
मग चराकडे.
हात सोडवून घेतला नाही.
"गुरुवारपासून पाऊस," म्हणाले.
"हो," मी म्हटलं,
"वाराही फिरलाय."